वारा घोंघावला की मुलगी खिडकीपाशी जाऊन उभी राहते

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी मूळची चिपळूणची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून अमेरिकेत, बफेलोजवळच्या एका उपनगरात राहायला आलो. चारच महिन्यांत, नाताळच्या तोंडावर, इथलं ते मोठं हिमवादळ झालं. आमच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. नवरा दोन रात्री बाहेर अडकला होता. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आता सात. मुलगा वर्षाचा होता, आता चार. गेल्या महिन्यात शाळेतून हिवाळ्याच्या तयारीचं पत्रक आलं. मुलीने ते वाचलं आणि विचारलं, 'आई, आपण गोठून मरणार का?' तेव्हापासून रात्री वारा घोंघावला की ती उठते आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहते. बर्फ भुरभुरायला लागला की शाळेच्या बसमध्ये चढत नाही. धाकट्याचं नेमकं उलट. त्याला कशाचीच भीती नाही. हातमोजे काढून फेकतो आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदे खणतो. नवरा म्हणतो, दोघांना २०२२ चे व्हिडिओ दाखवू, म्हणजे गांभीर्य कळेल. सासूबाई या हिवाळ्यात आमच्याकडे आल्या आहेत. त्या म्हणतात, लेकरांपुढे असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी दोघांच्या मध्ये. लग्नापर्यंत बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलेला. मी मुलांना काय शिकवणार, आणि किती सांगणार?

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा एका ओळीवर गेले. 'नवरा दोन रात्री बाहेर अडकला होता.' वीज गेल्याची गोष्ट आणि मुलांची वयं यांच्या मध्ये तुम्ही ती उरकून टाकली आहे. मला वाटतं तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

थंडीला किंवा वाऱ्याला घाबरलेलं मूल खिडकीपाशी जात नाही. ते गोधडीत शिरतं, आईच्या कुशीत येतं, कानांवर हात ठेवतं. तुमची मुलगी उठून खिडकीपाशी जाते. ती कुणाची तरी वाट बघते आहे. चार वर्षांची असताना त्या दोन रात्री ती कुठे उभी होती ते आठवून बघा. बसमध्ये न चढण्याचा अर्थही मला तोच दिसतो. बर्फ पडायला लागला की घरातलं एक माणूस बाहेर गेलेलं असतं आणि ते परत येत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. शाळेच्या पत्रकाने तिला ही भीती दिली नाही, फक्त बोलायला शब्द दिले.

म्हणून 'हिमवादळाबद्दल किती सांगू' याच्या आधी, 'बाबा त्या दोन रात्री कुठे होते' हे तिला कुणी सांगितलं आहे का, हे विचारायला हवं. पत्रावरून तरी वाटतं की नाही. बाबा घरी परत आल्यावर सगळे त्या आनंदात असतील आणि मुलगी लहान आहे म्हणून विषय तिथेच मिटला असेल. याकडे मी शेवटी येते.

आता तुमच्या 'मी काय शिकवणार' या वाक्याकडे. हे वाक्य मी मिनेसोटात सत्तावीस वर्षांत शेकडो वेळा ऐकलं. त्यांतली अठरा वर्षं मी बालवाडीत शिकवलं आणि आपल्याकडची, आंध्रातली, केनियातली, मेक्सिकोतली किती तरी आयाबायका मला हेच म्हणाल्या. तुम्ही चिपळूणच्या आहात. २६ जुलै २००५ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा तुम्ही शाळकरी असाल. धान्याचे डबे माळ्यावर चढवणं, गाईचं दावं सोडणं, ओढ्याला लाल पाणी आलं की पलीकडे जायचं नाही मग पलीकडे मामाचं घर का असेना, हे तुम्हाला कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. पुरात वाहून गेलेल्यांची छायाचित्रं दाखवूनही शिकवलं नव्हतं. दर जूनमध्ये मोठी माणसं तयारी करायची आणि तुमच्या हातात काही तरी काम द्यायची. मेणबत्त्या कुठे आहेत बघ, आजीची औषधं पिशवीत भर. पावसाचा दरारा तुम्हाला कळला, पण पाऊस तुमचा शत्रू झाला नाही. तेच इथे करायचं आहे. पाणी तेवढं वेगळं आहे, गोठलेलं.

तुमच्या यजमानांचा हेतू मी समजू शकते, पण व्हिडिओ दाखवू नका. बर्फात गाडल्या गेलेल्या गाड्या आणि रस्त्यावर अडकलेल्या रुग्णवाहिका पाहून सात वर्षांच्या मुलीला काय करता येणार आहे? ज्या भीतीला हाताने करण्यासारखं काही नसतं, ती रात्री झोपू देत नाही. आणि चार वर्षांच्या मुलाला त्यात फक्त मज्जा दिसेल. सासूबाईंचं मन मला बरोबर वाटतं, उपाय नाही वाटत. मुलांपुढे मरणाची चर्चा रंगवून करू नये, हे खरंच आहे. पण तुमची मुलगी इंग्रजी वाचते, शाळेत ऐकते. घरात ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट फारच भयंकर असणार, असं मूल गृहीत धरतं.

'आपण गोठून मरणार का' याचं उत्तर 'छे, काही तरीच काय' असं देऊ नका. तिने ते वादळ पाहिलं आहे, ती तुमचं खोटं पकडेल. मी तिला असं सांगेन: 'त्या वादळात काही माणसं गेली हे खरं आहे. कुणी बाहेर अडकले होते, कुणाच्या घरातली ऊब गेली होती, काही आजारी माणसांपर्यंत मदत पोचली नाही. म्हणून वादळात आपण घराबाहेर पडत नाही आणि घर उबदार ठेवायची तयारी आधीच करून ठेवतो. त्या तयारीत मला तुझी मदत लागणार आहे.' एवढंच. त्या एका वादळात बफेलो आणि आसपासच्या ईरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चाळीसहून जास्त माणसं गेली, हा आकडा तुमच्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. पुढे विचारेल तेवढंच सांगा. मुलं एका वेळी झेपेल तेवढंच विचारतात, मग खेळायला जातात आणि तीन दिवसांनी आंघोळीच्या वेळी पुढचा प्रश्न येतो.

हिमवादळ म्हणजे काय, हेसुद्धा तिला नीट कळू द्या. नाव माहीत झालं, मोजमाप माहीत झालं की राक्षसाचा आकार लहान होतो. इथली नॅशनल वेदर सर्व्हिस ज्याला 'ब्लिझर्ड' म्हणते त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर किंवा जास्त, उडत्या बर्फामुळे पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या पलीकडचं न दिसणं, आणि हे निदान ३ तास चालणं. (कॅनडातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं, तिकडे ताशी ४० किलोमीटर आणि बहुतेक भागांत ४ तास असा हिशोब आहे.) म्हणजे भुरभुरणारा प्रत्येक बर्फ हिमवादळ नसतो. बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या तुमच्या मुलीला हे कळणं फार गरजेचं आहे. यात बर्फ किती पडला याचा उल्लेखच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आभाळातून एक कण न पडता, जमिनीवरचाच बर्फ उडूनही हिमवादळ होतं. १९७७ च्या जानेवारीत बफेलोत बरंचसं असंच झालं होतं. गोठलेल्या ईरी सरोवरावर साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला.

हे मुलांना दाखवता येतं. परात मांडा, तांदळाची पिठी चमचाभर पसरा आणि मुलीला एका बाजूने जोरात फुंकर घालायला सांगा. पिठी उठते, परातीच्या काठाशी तिचा ढीग होतो, मध्ये ताट उघडं पडतं. नवी पिठी कुणी टाकली का? नाही. मग तिला बाहेर नेऊन दाखवा, अंगणाचा एक कोपरा कसा उघडा आहे आणि गॅरेजच्या दाराशी ढीग कसा लागला आहे. दुसरा प्रयोग पांढऱ्या चादरीचा. बैठकीच्या खोलीत मधोमध मुलीला उभं करा, डोक्यावरून पांढरी चादर घाला, दोन गिरक्या द्या आणि दार शोधायला सांगा. स्वतःच्या घरात, रोजच्या वाटेवर तिला दार सापडत नाही. 'शेजारच्या घरापर्यंतसुद्धा का जायचं नाही' हे त्यानंतर समजवावं लागत नाही. चादर काढल्यावर हसू द्या, तुम्हीही एकदा चादरीखाली जा. मी बालवाडीत हे दर नोव्हेंबरात करायचे आणि मुलं 'पुन्हा, पुन्हा' म्हणायची.

तिसरा प्रयोग वाऱ्याचा. तिचा एक हात ओला करा, एक कोरडा ठेवा आणि दोन्ही टेबलफॅनपुढे धरा. ओला हात आधी गार पडतो. ओले हातमोजे का बदलायचे, वारा असला की थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा जास्त का बोचतं, हे तिच्या कातडीलाच कळेल. शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला ताशी १५ मैलांचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १९ फॅरनहाइट, म्हणजे उणे २८ सेल्सिअससारखं लागतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठू शकते. हे आकडे फ्रिजवर लावून ठेवा, मोठ्यांसाठी.

हवामान खात्याच्या दोन शब्दांचा बऱ्याच आपल्या माणसांचा घोटाळा होतो. 'वॉच' म्हणजे आभाळ भरून आलं आहे, वाळवण आत घ्या. 'वॉर्निंग' म्हणजे सर आली किंवा आत्ता येतेच आहे, उंबरा ओलांडू नका. तुमच्या मुलीला या शब्दांची राखणदार करा. फोनवर इशारा आला की तिने घरात तो जाहीर करायचा आणि वॉच असेल तर यादी काढायची: टॉर्चचे सेल, फोन चार्ज, पाण्याची भांडी. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, आणि निदान तीन दिवसांचं पाणी. ज्या मुलीला रात्री खिडकीशी उभं राहून फक्त वाट बघावी लागते, तिच्या हातात दिवसा एक यादी आली तर काय फरक पडतो ते बघा.

धाकट्याला यातलं काही समजावू नका. चार वर्षांच्या मुलाला कारणं पटत नाहीत, सवयी लागतात. त्याच्यासाठी माझ्या मते तीनच नियम पुरे. मोठं माणूस बरोबर नसेल तर बाहेर नाही. बर्फात बोगदा नाही. बोटं ऐकेनाशी झाली की घरात.

बोगद्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे, आणि तुम्हीही व्हा. रस्त्याकडेचा ढीग हा प्लाउने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीने, ढकललेला बर्फ असतो, भुसभुशीत आणि जड, मध्ये बर्फाचे दगड. छत खाली बसलं तर आवाज होत नाही आणि आतल्या मुलाची हाक बाहेर पोचत नाही. त्यात प्लाउ पुन्हा येतो. चालक उंचावर बसलेला असतो, ढिगाच्या पोटातलं मूल त्याला दिसणार नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून चार वर्षांचं मूल थांबत नाही, त्याला दुसरं काही तरी द्यावं लागतं. मागच्या अंगणात, रस्त्यापासून लांब, त्याच्याबरोबर किल्ला करा. दिवाळीचा असतो तसा, तटबंदी, बुरूज, वर मावळे. किल्ल्याला छप्पर नसतं, हे त्याला मान्य होईल. मावळ्यांनी उन्हाळ्यापर्यंत पहारा द्यायचा.

बोटं ऐकतात की नाही हे कसं कळायचं? अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावायला सांगा. हात गारठले की हे जमत नाही. आमच्या बालवाडीतल्या दोन मराठी मुलांसाठी मी एक ओळ केली होती: 'अंगठा भेटला करंगळीला? भेटला तर खेळू, नाही तर पळू!' दर दहा मिनिटांनी हाक मारून विचारायचं. मूल स्वतःहून 'मला गार वाजतंय' म्हणेल याची वाट बघू नका. खेळात रंगलेलं मूल म्हणत नाही, आणि लहान अंगातली ऊब मोठ्यांच्या मानाने फार लवकर निघून जाते.

हातमोजे फेकण्यावर उपाय: बोटांचे मोजे नकोत, मिटन्स घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असलेले मोजे, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन जोड घ्या, एक ओला झाला की दुसरा. कपडे चढवायचा क्रम रोज तोच ठेवा, आधी स्नो पँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी आणि शेवटी मिटन्स. जॅकेट त्याला स्वतः घालू द्या. जमिनीवर जॅकेट उलगडून ठेवायचं, आतली बाजू वर, गळा त्याच्या पायांशी. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे उलटवायचं. हे जमलं की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो बघण्यासारखा असतो, आणि स्वतः घातलेलं मूल सहसा लगेच काढत नाही. आत सुती बनियन नको. आपल्याकडे सुती ते उत्तम, इथे थंडीत उलट आहे. सुती कापड घामाने भिजतं आणि अंगाला गार चिकटून राहतं. लोकर किंवा सिंथेटिक घाला, आणि तुम्ही स्वतः जेवढे थर घालाल त्याहून मुलांना एक जास्त. लांब मफलर गळ्याला अडकू शकतो, त्यापेक्षा गळ्यात घालायची बंद पट्टी बरी.

आता एक गोष्ट सांगते, ती सासूबाईंनाही ऐकवा. माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात मुलगा बाहेरून आला तो बोटं बधिर करून. मी घाईघाईने त्याचे हात गरम पाण्याच्या नळाखाली धरले आणि चोळले. तो किंचाळला तेव्हा मला कळलं की पाणी फार कढत होतं. बधिर कातडीला चटका लागलेला कळत नाही, ती शुद्धीवर येते तेव्हा कळतो. आपल्याकडे गारठलेल्या पोराचे तळवे चोळायचे, तेल लावायचं, शेगडीशी धरायचं ही रीत आहे आणि ती प्रेमाची आहे. पण हिमदंशात चोळल्याने आतल्या पेशी फाटतात. कोमट पाणी घ्यायचं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला कोपर बुडवून बघतो तेवढं, आणि त्यात हात नुसते ठेवायचे. इथल्या पत्रकांत 'कातडी लाल, मग पांढरी होते' असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते तसं दिसत नाही. करडा, राखेसारखा डाग, मेणासारखा कडकपणा आणि 'काहीच लागत नाहीये' हे शब्द, यांकडे लक्ष ठेवा. मूल हुडहुडायचं थांबून सुस्त झालं, शब्द अडखळायला लागले, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. ओले कपडे काढा, अंगाशी धरा, पांघरुणं घ्या आणि ९११ ला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करा.

सासूबाईंबद्दल आणखी थोडं. वादळ आलं आणि तुम्ही दोघं कामावर असाल तर मुलांपाशी त्याच असतील. म्हणून त्यांना या तयारीत घ्याच. एक खोली ठरवा, शक्यतो आतली. वीज गेली की सगळे तिथे, दाराखाली टॉवेल, अंगावर गोधड्या. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची नाही, कोळशाची शेगडी किंवा ग्रिल आत आणायचं नाही, जनरेटर घरापासून २० फुटांच्या आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्याच्या अलार्मचे सेल याच आठवड्यात बदला, आणि तो वाजला तर कसा वाजतो ते बटण दाबून आजी-नातवंडांना ऐकवा. अंधारात समई-निरांजनांऐवजी टॉर्च. आणि शिजवायला न लागणारा फराळ त्यांच्याकडे सोपवा. दशम्या, भडंग, मेतकूट, तिळाच्या वड्या यांचा एक डबा 'वादळाचा डबा' म्हणून त्यांनी आणि नातीने मिळून भरावा. अभद्र न बोलता केलेली ही तयारी त्यांना पटेल असं मला वाटतं.

आणि ९११ साठी सगळ्यांची एकदा तालीम घ्या. बालवाडीत मी मुलांना विचारायची, तुझ्या आईचं नाव काय? आपली मुलं सांगायची, 'आई'. बाबांचं? 'बाबा'. तुमचं पूर्ण नाव, घराचा क्रमांक, रस्त्याचं नाव आणि तुमचा फोन नंबर दोघांना चालीवर पाठ करून द्या. धाकट्यालाही येईल, चार वर्षांच्या मुलांना दहा आकडे गाण्यात सहज बसतात. सासूबाईंसाठी पत्ता मोठ्या देवनागरी अक्षरांत फोनपाशी लावा. 'मराठी' किंवा 'हिंदी' एवढं म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी दुभाषा जोडून देतात. मात्र २०२२ मध्ये मदतीच्या गाड्याच तासन् तास अडकल्या होत्या, हेही मोठ्यांनी विसरू नये. शेजारी कोण आहेत, त्यांचे नंबर काय, हे वादळाआधी माहीत हवं.

गाडीचं थोडक्यात. फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटचा पट्टा लावू नका. अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा आधी, जॅकेट वरून उलटं पांघरायचं. गाडीत गोधडी, पाणी, खाऊ, फावडं. अडकलात तर गाडी सोडायची नाही. तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं, त्याआधी धूर सोडणाऱ्या मागच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

आता बसकडे. तिला आधीच सांगून ठेवा: 'तू शाळेत असताना वादळ आलं तर टीचर तुला एकटीला सोडणार नाहीत. तिथे ऊब आहे, खायला आहे. मला उशीर झाला तर मी विसरले असं नाही. रस्ता उघडेपर्यंत थांबणं हेच मी तुझ्यासाठी करत असेन.' आणि तुम्ही खरोखर थांबा. १२ जानेवारी १८८८ ला नेब्रास्का, डकोटा, मिनेसोटाच्या मैदानांत सकाळ उबदार होती, मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि शाळा सुटायच्या सुमाराला वादळ कोसळलं. सुमारे २३५ माणसं गेली असं मानतात, त्यांत घरी निघालेली कित्येक मुलं होती. म्हणून ते 'मुलांचं हिमवादळ' म्हणून ओळखलं जातं. त्याच दिवशी नेब्रास्कात मिनी फ्रीमन नावाच्या तरुण शिक्षिकेने छप्पर उडालेल्या शाळेतून आपल्या मुलांना जवळच्या शेतघरात सुखरूप नेलं. दोरीने एकमेकांना बांधून नेलं म्हणतात, त्या दोरीबद्दल वाद आहे. पण छप्पर उडालं तेव्हाच ती निघाली, त्याआधी नाही.

मुलीला व्हिडिओऐवजी त्याच २०२२ च्या वादळातली ही एक खरी गोष्ट सांगा. तुमच्याच भागात, २३ डिसेंबरला, नायगारा बघायला निघालेली दक्षिण कोरियाच्या पर्यटकांची व्हॅन बर्फात रुतली. दोघं जण एका घराचं दार ठोठावून फावडं मागू लागले. घरातल्या नवरा-बायकोने फावडं दिलं नाही, चालकासकट दहाच्या दहा जणांना आत घेतलं. योगायोग असा की त्या नवरा-बायकोला कोरियन जेवण आवडायचं, कपाटात कोरियन मसाले आणि फ्रिजमध्ये किमची होती. पाहुण्यांनीच स्वयंपाक केला आणि दोन रात्री सगळे एकत्र राहिले. ही गोष्ट ऐकून मुलं पहिला प्रश्न विचारतात, 'सगळे झोपले कुठे?'

हे सगळं करूनही तीन-चार आठवड्यांत झोप सुधारली नाही, पोटदुखी सुरू झाली, शाळा बुडायला लागली, तर मुलांच्या डॉक्टरांशी आणि शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. संकोच करू नका, त्यांच्याकडे अशी मुलं दर हिवाळ्यात येतात.

आणि यजमानांसाठी एक काम. त्या दोन रात्रींची गोष्ट मुलीला त्यांनी स्वतः सांगायची आहे. २३ तारखेला प्रवासबंदी सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर किती तरी माणसं कामावर निघून गेली होती. म्हणजे बाबा मुद्दाम गेले नव्हते, हे तिला कळू दे. ते कुठे थांबले, कुणाबरोबर होते, काय खाल्लं, पायांत काय होतं, झोप लागली का, फोनची बॅटरी कधी संपली, सगळं बारीकसारीक सांगू दे. चालत घरी यायचं त्यांच्या मनात आलं होतं का, आणि ते का आले नाहीत, हेही. संध्याकाळी सांगू दे, त्याच खिडकीपाशी बसून. मध्येच ती 'मला माहितीये, मी इथेच उभी होते' असं म्हणाली तर त्यांनी बोलणं थांबवून तिचं ऐकावं.